शेजारच्या टाकीबाबत

नकाशेवाल्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि घरातल्या बावीस वर्षांच्या शांततेला सुरुंग लागला. ऑपरेशन उत्तम झालं होतं, त्यात डॉक्टरांना बोल लावायला जागा नाही. पण पंधरा दिवस उन्हात पाऊल टाकायचं नाही असं त्यांनी बजावलं, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात बाईंचं विसावं पत्र तयार झालं.

बाई म्हणजे नकाशेवाल्यांच्या पत्नी. बत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, आणि मनातल्या मनात नकाशेवालेही. ते स्वतः निवृत्त होईपर्यंत मोजणीच्या कचेरीत नकाशे काढत. रेघ अशी की पट्टीने लाजावं. स्वभावही तसाच, सरळ आणि बारीक. शेजारी, भिंतीपलीकडे, त्यांच्या धाकट्या भावाचं घर. भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला, आता तिथे त्याची बायको एकटीच राहायची. तिला सगळे धाकटी म्हणत. दोन्ही घरं वडिलांनी एकाच जागेवर बांधली होती. पुढे, चोवीस वर्षांपूर्वी, वाटण्या झाल्या, मधे पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली, आणि दोघी जावांचं बोलणं बंद झालं ते बंदच.

भिंतीपलीकडे धाकटीच्या परसात वडिलांच्या काळची मैल्याची टाकी होती. तिचा वास बाईंच्या झोपायच्या खोलीत यायचा. बाईंचं म्हणणं साधं होतं. रस्त्यात पालिकेची ड्रेनेजची वाहिनी पडली तेव्हा आम्ही रीतसर अर्ज केला, फी भरली, जोडणी घेतली, आणि दर वर्षी सांडपाण्याचा कर मुदतीच्या आत भरतो. ही मंडळी मात्र अजून त्या टाकीवर बसून आहेत, आणि वास आम्ही घ्यायचा. म्हणून दर वर्षी एक पत्र. ‘विषय : शेजारील टाकीची दुर्गंधी.’ मजकूर बाईंचा, सुवाच्य प्रत नकाशेवाल्यांची. ते पत्र घेऊन ते पालिकेत जात आणि घरी ठेवायच्या स्थळप्रतीवर जांभळा गोल शिक्का उमटवून आणत. असं एकोणीस वर्षं चाललं. उत्तर एकदाही आलं नाही. पालिका म्हणजे ठार बहिऱ्यांचा बाजार आहे, असं बाईंचं मत त्यातून बनलं आणि पक्कं झालं.

खरी गोष्ट अशी होती की त्या एकोणीस पत्रांतलं एकही पालिकेच्या दारातून आत गेलं नव्हतं. कचेरीसमोर एक बाग होती. नकाशेवाले तिथल्या बाकावर बसत, खिशातून कंपास आणि जांभळी शाई काढत, आणि अर्ध्या तासात स्थळप्रतीवर शिक्का रेखाटत. वर पालिकेचं नाव गोलाकार, मधे ‘प्राप्त’, खाली तारीख, आणि कोपऱ्यात कुणालाही वाचता येणार नाही अशी कारकुनी सही. मूळ पत्र घरी येऊन नकाशांच्या नळकांड्यात जाई. फाडून टाकायचा त्यांना धीर होत नसे. अक्षर फार चांगलं आलेलं असायचं.

आता इतका सज्जन माणूस असल्या भानगडीत पडला कसा, ते सांगायला बावीस वर्षं मागे जावं लागेल.

वाहिनी पडली त्या वर्षी दोन्ही घरांचं सांडपाणी भिंतीलगतच्या एकाच चेंबरमध्ये यायचं आणि तिथून टाकीत जायचं. पालिकेने फर्मान काढलं की ज्याला जोडणी हवी त्याने अर्ज आणि फी द्यावी, आणि जोडणी झाल्यावर तिचा नकाशा. बाईंनी आपल्या पगारातून फी भरली. धाकटा भाऊ म्हणाला, आपल्याच घरातली घाण, ती बाहेर जायला जकात कसली? तत्त्वाचा प्रश्न आहे. खरं तर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तेव्हा बसलं होतं, पण रिकाम्या खिशाला तत्त्वाचं अस्तर लावायची त्याची जुनी सवय. नकाशेवाल्यांनी गुपचूप फी देऊ केली, तर तो दोन दिवस जेवला नाही.

अडचण आईची होती. वाटण्या झाल्या तेव्हा आईने धाकट्याकडे राहायचं ठरवलं होतं. मोठी दिवसभर शाळेत, मला पाणी कोण देणार, एवढंच ती म्हणाली. बाईंनी ते वाक्य मनात धरलं आणि कधी सोडलं नाही. पुढे आई अंथरुणाला खिळली. टाकीला दोन घरांचा भार सोसेना, आणि धाकट्याच्या मोरीतून घाण पाणी उलटं वर येऊ लागलं. एका दुपारी नकाशेवाले आईला भेटायला गेले, तर जमिनीवर पाणी पसरलेलं आणि म्हातारी पाय पोटाशी घेऊन खाटेवर बसलेली. त्यांना बघून लाजल्यासारखं हसली तेवढी.

त्यानंतर चार दिवसांनी ठेकेदाराचा माणूस जोडणीसाठी आला. बाई शाळेत होत्या. माणूस चेंबरमध्ये कमरेपर्यंत उतरला आणि त्याने विचारलं की यात दोन नळ येतायत, साहेब, यातला तुमचा कुठला? नकाशेवाल्यांनी बोट दाखवलं. दाखवलं ते भावाच्या घरातून येणाऱ्या नळाकडे. गुन्हा म्हणायचा तर तो एवढाच, क्षणभराचा. फी भरली बाईंनी, जोडणी मिळाली धाकट्याला, आणि बाईंच्या घराचं सांडपाणी पूर्वीप्रमाणेच टाकीत जात राहिलं.

मग पुढचं सगळं ओघानेच आलं. धाकट्याच्या सांडपाण्याचा कर बाई मुदतीच्या आत भरत राहिल्या. बाईंच्या घरची घाण उपसायला दर वर्षी धाकटा पालिकेचा टँकर बोलवायचा, त्याचे पैसे मोजायचा आणि शेजारपाजाऱ्यांना सांगायचा की वडिलांची टाकी कशी दगडासारखी आहे. आणि बाई स्वतःच्या घरच्या वासाबद्दल स्वतःच तक्रारी लिहीत राहिल्या. आई मात्र शेवटची दोन वर्षं कोरड्या जमिनीवर राहिली.

आई गेली की सांगू, असं नकाशेवाल्यांनी ठरवलं होतं. आई गेली तोवर बाईंनी पहिल्या पत्राचा कच्चा मसुदा केला होता, आणि मसुद्यात ‘सदर कुटुंबाच्या अस्वच्छ सवयी’ असे शब्द आले होते. आता कुठल्या तोंडाने सांगणार? पुढे भाऊ गेल्यावर ते धाकटीकडे गेले आणि टँकरचा खर्च मी देत जाईन म्हणाले. ती म्हणाली, “भाऊजी, ज्याची घाण त्याने निस्तरावी. तुम्ही का भुर्दंड सोसता?” ते आले तसे परतले.

तर विसावं पत्र. नकाशेवाल्यांनी एका डोळ्याने ते सुवाच्य लिहून दिलं आणि डोळा बरा झाला की नेऊन देतो म्हणाले. बाई म्हणाल्या, पंधरा दिवस कशाला, मला काय पाय नाहीत? त्यांनी एकोणीस स्थळप्रतींची फाइल काखेत मारली, छत्री घेतली आणि निघाल्या. नकाशेवाल्यांनी पित्त झाल्याचं सांगून पाहिलं. बाईंनी ओव्याची पूड त्यांच्या हातावर ठेवली आणि गेल्याच.

पालिकेच्या खिडकीवरच्या कारकुनाने आधी नेहमीसारखं ‘ठेवून जा’ म्हटलं. मग बाईंनी फाइल उघडली. कारकुनाने पहिला शिक्का पाहिला, दुसरा पाहिला, आणि सातव्या-आठव्याला उठून उभा राहिला. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर जबाबदारी कुणाची, यावर तिथे नुकतंच नवं परिपत्रक आलं होतं. इथे एकोणीस वर्षं, एकोणीस पत्रं, प्रत्येकावर ‘प्राप्त’, आणि दप्तरात एकाचाही पत्ता नाही. बाईंना आत नेलं, खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. तीन माणसं तीन दिवस जुनं दप्तर उपसत होती. काही सापडेना, तेव्हा मधल्या एका वर्षी दप्तरखान्यात पाणी शिरलं होतं, त्यात ती पत्रं गेली असणार, असा निष्कर्ष निघाला आणि तो सगळ्यांच्या सोयीचा होता. चौथ्या दिवशी बाईंच्या हाती साहेबांच्या सहीचं माफीपत्र आलं आणि पाचव्या दिवसाची तपासणी ठरली.

“तुम्हाला एकोणीस वर्षांत जमलं नाही ते मी एका फेरीत केलं,” बाई म्हणाल्या.

नकाशेवाल्यांनी ते मान्य केलं. ती रात्र त्यांनी छताकडे बघत काढली.

पाचव्या दिवशी सकाळी तपासनीस आली. तिशीची मुलगी, पायात गमबूट, हातात दोन डबे आणि काखेत दोन फाइली, एक जोडणीची जुनी आणि एक बाईंची. डब्यांत रंगाची पूड होती, एकात हिरवी, एकात लाल. ज्या घरात रंग ओतावा तो कुठे जाऊन निघतो ते पाहायचं, की कुणाचं पाणी कुठे जातं ते कळतं, असं तिने समजावलं. धाकटीलाही नोटीस गेली होती. ती आपल्या परसात टाकीचं झाकण उघडून, तिच्या कट्ट्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती. भिंतीवरून तिचं फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते.

नियमाप्रमाणे आधी तक्रारदाराच्या घरात रंग टाकायचा होता. काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेले नकाशेवाले म्हणाले की आपली जोडणी तर कागदावर आहेच, आपल्याकडे कशाला वेळ घालवायचा. बाईंनी त्यांना हाताने गप्प केलं. मुलीला म्हणाल्या, “आमच्याकडेच आधी टाका. भरपूर टाका. मला लेखी हवंय.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलीने संडासात हिरवी पूड ओतली आणि वर चार बादल्या पाणी. मग ती बाहेर रस्त्यावर जाऊन गटाराच्या उघड्या तोंडाशी वाकून बसली. बाई शेजारी उभ्या राहिल्या, निकालाच्या दिवशी पहिल्या नंबरच्या मुलीची आई उभी राहते तशा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खालून पाणी वाहत होतं, पण त्याला हिरव्याची छटासुद्धा नव्हती. मुलीने आणखी चार बादल्या ओतायला सांगितल्या. काही नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज आला. चोवीस वर्षांत त्या भिंतीवरून आलेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि तेही तिने तपासनिशीला उद्देशून म्हटलं. “ताई, इकडे या जरा. आमची टाकी हिरवी झालीय.”

मुलगी गेली, बघून आली, आणि मग लाल पूड घेऊन धाकटीच्या घरात गेली. तीनच मिनिटांत रस्त्यातल्या गटारात लालभडक पाणी धो धो वाहू लागलं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रंग चुकला असेल असं त्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली, रंग चुकत नाही, बाई. मग तिने ओट्यावर जुनी फाइल उघडली. त्या काळातल्या बाकीच्या फाइलींमध्ये नकाशा म्हणजे चार वाकड्या रेघा असतात, ही एकच अशी आहे की नवीन माणसांना आम्ही नमुना म्हणून दाखवतो, असं ती कौतुकाने सांगत होती. नकाशात दोन्ही घरं होती, भिंत होती, चेंबर होतं. आणि धाकट्याच्या घरातून निघालेला नळ ठळक निळ्या रेघेने रस्त्यातल्या वाहिनीला जोडलेला होता. बाईंच्या घराचा नळ टाकीत जात होता. बाणसुद्धा काढला होता. खाली डौलदार सही.

माणूस बायकोपासून बावीस वर्षं एखादी गोष्ट लपवू शकतो, पण नकाशेवाल्याला खोटा नकाशा काढता येत नाही. पालिकेत तो कुणी वाचला नाही, याला नकाशेवाल्यांचा इलाज नव्हता. कर अर्जावरच्या नावाने लागत गेला.

“ही सही कुणाची?” बाईंनी विचारलं. शाळेत विचारायच्या तशाच आवाजात.

“माझी,” नकाशेवाले म्हणाले.

तपासनिशीने दोघांकडे पाहिलं आणि ती बूट धुवायला नळावर गेली. जाताना मात्र एकोणीस स्थळप्रतींची फाइल नकाशेवाल्यांच्या मांडीवर ठेवून हळूच म्हणाली, “काका, आमचा शिक्का इतका स्वच्छ कधीच उठत नाही.” पुढे ती कुणाला काही बोलली नाही. माफीपत्र आवक-जावकच्या वहीत चढलं होतं, ते आता खोटं ठरवायची कुणाची तयारी नव्हती.

बाईंना मात्र कुणी सांगायची गरज पडली नाही. बत्तीस वर्षं त्यांनी प्रगतिपुस्तकावरच्या बापांच्या खोट्या सह्या पकडल्या होत्या. दुपारी त्यांनी फाइल टेबलावर पसरली आणि एकोणीस शिक्क्यांवरून बोट फिरवलं. मग नळकांडं खाली काढायला लावलं. मूळ पत्रं निघाली. नकाशेवाल्यांनी सगळं सांगितलं. मोरी, पाणी, खाटेवर पाय घेऊन बसलेली आई, ठेकेदाराचा माणूस, दाखवलेलं बोट. सांगताना त्यांनी चष्मा काढला होता, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं तुम्हाला?”

नकाशेवाल्यांना आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता. ते म्हणाले, “हो.”

बाईंनी पत्रं तारखेप्रमाणे एकावर एक लावली. “बरोबर आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “नाहीच म्हटलं असतं.” त्यांना राग वेगळ्याच गोष्टीचा होता. आईसाठी केलं ते एक वेळ ठीक. पण एकोणीस वर्षं ती पत्रं समोर बसून सुवाच्य लिहिली, दुर्गंधी शब्दाची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ ते मला विचारलं, आणि मला एकदाही थांबवलं नाही, हे त्यांना सहन होईना. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं सोडलं.

आठवड्याने पालिकेचा कागद आला. बाईंचं घर आता ‘विनाजोडणी’ ठरलं होतं, आणि धाकटीच्या घरी ‘विनापरवाना जोडणी’. दोघींनाही दंड लागू होता. वर्षअखेर सगळ्या टाक्या बुजवायच्या असल्याने बाईंना नवी जोडणी घेणं भाग होतं, पण समोरचा रस्ता नुकताच सिमेंटचा केलेला, त्यामुळे पाच वर्षं खोदाईला बंदी. म्हणजे जोडणी घेतलीच पाहिजे आणि घेता येणार नाही. आजवर भरलेला कर परत मागायची सोय होती, पण तीन वर्षांपुरतीच, आणि तिचा अर्ज वेगळा. तपासनिशीने बाईंना एक पळवाट सांगितली. चेंबरमध्ये हातभर नळ टाकला की दोन्ही घरं एकाच जोडणीवर येतात. फी थोडी, दंड माफ, खोदाई नाही. अट एवढीच की ‘संयुक्त जोडणी’ फक्त एका कुटुंबाला मिळते. दोघींनी आपण एका कुटुंबातल्या आहोत असं लिहून द्यायचं, एकाच कागदावर, शेजारी शेजारी सह्या करून. आणि चेंबर नेमकं भिंतीच्या पायाशी असल्याने, दोन्हीकडून जाता यावं म्हणून चार फूट भिंत पाडायची.

जे नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि दोन मयतांना जमलं नाही, ते ड्रेनेज खात्याने नियम क्रमांक टाकून मागितलं.

बाई तो कागद दोन दिवस उशीखाली घेऊन झोपल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या घराबाहेर पडल्या, रस्त्याने वळसा घालून शेजारच्या फाटकातून आत गेल्या. नकाशेवाल्यांना राहवलं नाही. तेही मागून गेले आणि दाराशी उभे राहिले. त्यांना कुणी बस म्हटलं नाही.

धाकटीने कागद वाचला. ती काही वाईट बाई नव्हती, पण चोवीस वर्षं काही थोडी नव्हती. म्हणाली, सही करते. एक अट आहे. “ती पत्रं माझ्याबद्दल होती ना, ताई? मग मला वाचून दाखवा.”

बाईंनी घरून फाइल आणवली. नकाशेवालेच धावत जाऊन घेऊन आले. बाईंनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि पहिलं पत्र वाचायला घेतलं. वाचायची तर नीटच वाचायची, ही शिकवणाऱ्याची खोड. ‘सदर कुटुंबाला शेजारधर्माची चाड नाही.’ बाईंचा आवाज खणखणीत लागला होता. ‘सुशिक्षित माणसाला मान खाली घालावी लागेल असा वास.’ धाकटी गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. ‘ज्यांना स्वतःची घाण ओळखू येत नाही, त्यांना पालिकेने ओळख करून द्यावी.’ इथे बाई थांबल्या. त्यांनी पान उलटलं, पुन्हा सरळ केलं. चौथ्या पत्रात ‘या लोकांच्या घरात शिरल्यावर कळते’ असं एक वाक्य होतं, ते वाचताना त्यांनी मान वर करून त्या घराकडे पाहिलं. घर लख्ख होतं. कोपऱ्यात सासूबाईंची खाट अजून होती, तिच्यावर धुतलेल्या चादरींची चळत.

सहाव्या पत्राला धाकटी हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अहो ताई,” ती म्हणाली, “आणि मी त्या टँकरवाल्याला सांगायचे, पलीकडे खाणारी माणसं दोन, पण जोडणीचा रुबाब बघा. मी एकटी, आणि टाकी मात्र माझीच भरते!”

बाई हसल्या नाहीत. पण उरलेली तेरा पत्रं त्यांनी वाचली नाहीत. फाइल बंद केली आणि विचारलं, “सासूबाईंचं सगळं शेवटी तूच केलंस ना?”

“मग कोण करणार?” धाकटी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “दोन वर्षं होत्या. मोरी कोरडी झाली तेव्हा खूश झाल्या होत्या. यांना म्हणाल्या, तुझ्या बापाची टाकी सुधारली. हे काय, लगेच फुगले.”

बाईंनी पदराने चष्मा पुसला. मग पेन काढलं आणि दोघींनी सह्या केल्या. नात्याच्या रकान्यात बाईंनी ‘जाऊ’ लिहिलं. धाकटीने खाली ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं.

हातभर नळ टाकायला पालिकेच्या माणसांना दीड तास लागला आणि भिंत पाडायला गवंड्याला सकाळपासून दुपारपर्यंत. टाकी उपसली, मातीने भरली. नवा नकाशा नकाशेवाल्यांनी काढला. तो काढताना दोघी जावा त्यांच्या दोन खांद्यांवरून वाकून बघत होत्या आणि कुठली रेघ कुणाची ते बोट ठेवून विचारत होत्या. बाई ते प्रश्न धाकटीमार्फत विचारत. “सांग तुझ्या भाऊजींना, बाण नीट काढा म्हणावं.” दोघींचं येणं-जाणं सुरू झालं. आधी वाटीभर साखरेच्या निमित्ताने, मग निमित्ताशिवाय. दोघी भांडतही असत, रोज आणि मनापासून. नकाशेवाल्यांशी भांडायलासुद्धा घरात कुणी नव्हतं.

दीड महिन्याने संयुक्त जोडणीचं पहिलं बिल आलं. त्यावर नकाशेवाल्यांचं नाव होतं आणि त्याखाली सहा वर्षांपूर्वी गेलेल्या धाकट्या भावाचं. धाकटीची सही चालली, पण नाव दप्तरी नवऱ्याचंच राहिलं होतं. वारसाचं नाव लावायला वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि मयताच्या दाखल्याबरोबर तो मयत झाल्याबद्दल वारसाचं संमतिपत्र, असं खिडकीवर सांगितलं गेलं. धाकटी बिल हातात घेऊन हताश होऊन चेंबरच्या कट्ट्यावर बसली. जन्मभर फी भरायची नाही म्हणणारा माणूस मेल्यावर खातेदार झाला होता.

बाईंनी ते बिल दोनदा वाचलं, घरात जाऊन साडी बदलली आणि पर्स घेऊन आल्या. “ऊठ,” त्या म्हणाल्या. “ती खिडकी मला माहीत आहे. नीट बोललं की पंखा वळवतात.”

दोघी फाटकाशी पोचल्या. नकाशेवाले दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत ओट्यावर उभे होते. आता दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं होतं आणि सगळं स्वच्छ दिसत होतं. बाई कडी लावता लावता थांबल्या. मागे न बघताच म्हणाल्या, “अहो, गॅसवर दूध ठेवलंय. उतू जाऊ देऊ नका.”

दोन महिन्यांत त्यांना उद्देशून आलेलं ते पहिलंच वाक्य होतं. नकाशेवाले लगबगीने आत गेले. दूध अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं, पण ते पातेल्यासमोरून हलले नाहीत.